फारसे कुणी न पाहिलेले चांगले भयपट आणि अद्भुतपट कोणते, आणि ते बनवले कसे?

नुसती नावं विचारली असतीत तर मी या प्रश्नाच्या वाटेला गेलो नसतो. पण तुम्ही 'बनवले कसे' हे पुढे जोडलंत आणि माझी जीभ शिवशिवली.

मी दिग्दर्शक वगैरे नाही. मालिका आणि जाहिरातींसाठी जागा शोधून देतो. आमच्यात त्याला रेकी म्हणतात. वाई, भोर, सासवड हा माझा पट्टा. 'पडका वाडा पाहिजे, मागे विहीर पाहिजे, पण जनरेटरची गाडी दारापर्यंत आली पाहिजे' अशी फर्माईश फोनवर येते आणि मी मोटरसायकल काढतो. म्हणजे गोष्ट आधीच लिहून झालेली असते, जागा मागाहून. म्हणून ज्या सिनेमांत जागा आधी सापडली आणि गोष्ट तिच्या मागून आली, ते माझे खास लाडके. तसं पाहिलं तर आपल्या भुतांचंही हेच आहे. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवासुद्धा ठरावीक वळणावरच लागतो. बिनपत्त्याचं भूत मी तरी ऐकलेलं नाही. कोकणात शूटिंग असलं की कॅमेरा उघडायच्या आधी गावकरी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. युनिटमधली शहरी पोरं गालातल्या गालात हसतात, मी मुकाट नारळ पुढे करतो.

तर पहिलं नाव 'कार्निव्हल ऑफ सोल्स', साल १९६२.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी सेन्ट्रॉन नावाची कंपनी होती. शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट बनवायची. हर्क हार्वी तिथला पगारी दिग्दर्शक. एकदा कॅलिफोर्नियाहून गाडीने घरी परतताना, युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठाने जात असताना, ऐन सूर्यास्ताला त्याला एक घुमटांची ओसाड इमारत दिसली. तिचं नाव सॉल्टएअर. १८९३ साली तलावात लाकडी खांब रोवून त्यावर उभारलेलं करमणुकीचं ठिकाण: पाण्यात डुंबायची सोय, पाळणे, नाचायला भलामोठा हॉल. १९२५ मध्ये ते जळालं, पुन्हा बांधलं, मग तलावाचं पाणीच मागे हटलं आणि इमारत कोरड्यावर पडली. हार्वीने पाहिलं तेव्हा तिथे टाळं लागून फार वर्षं झालेली नव्हती.

तो घरी आला आणि कंपनीतल्याच जॉन क्लिफर्ड या लेखकाला म्हणाला की शेवटी त्या हॉलमध्ये मेलेली माणसं नाचताना दिसली पाहिजेत, त्याच्या आधी काय घडतं ते तू बघ. माझ्या आयुष्यात मला अशी ऑर्डर एकदाही मिळालेली नाही. मिळाली तर मी पैसे घेणार नाही. (निर्मात्यांनी हे वाक्य मनावर घेऊ नये.)

क्लिफर्डने लिहिलेली गोष्ट थोडक्यात अशी. पुलावरून एक गाडी नदीत कोसळते. त्यातली मेरी हेन्री ही एकटीच बऱ्याच वेळाने चिखलातून चालत वर येते. ती ऑर्गन वाजवणारी आहे. युटामधल्या एका चर्चमध्ये नोकरी धरते, आणि वाटेत लागलेली ती ओसाड इमारत तिला ओढत राहते. सोबत एक पांढऱ्याफटक चेहऱ्याचा माणूसही दिसायला लागतो. कुठल्याही खिडकीत, कुठल्याही वळणावर. तो माणूस म्हणजे हार्वी स्वतः. नट कमी पडला की दिग्दर्शकाने तोंडाला रंग फासायचा, हा नियम कॅन्ससपासून कोल्हापूरपर्यंत एकच.

पैसे गावातल्या लोकांकडून गोळा झाले, सगळा खर्च साधारण ३३,००० डॉलर. नोकरीतून तीन आठवड्यांची सुट्टी काढून, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं घेऊन सिनेमा पुरा केला. नायिका कॅन्डेस हिलिगॉस तेवढी न्यूयॉर्कहून आणली. ऑर्गनच्या कारखान्यातला प्रसंग लॉरेन्समधल्या खऱ्या ऑर्गन कारखान्यात घेतला. खरी कमाल गाडीच्या दृश्यांत आहे. त्या काळी स्टुडिओत गाडी उभी करायची आणि मागच्या पडद्यावर पळता रस्ता दाखवायचा, अशी रीत होती. त्याला यंत्रं लागतात, पैसा लागतो. माहितीपटवाल्यांकडे होता हातात धरता येणारा ॲरिफ्लेक्स कॅमेरा आणि कारखान्यात खांद्याला खांदा लावून शूट करायची सवय. त्यांनी कॅमेरा घेऊन सरळ पळत्या गाडीत बैठक मारली. त्यामुळे मेरी रात्री गाडी चालवते तेव्हा काचेबाहेरचा अंधार खरा आहे, आणि तो तसा वाटतोही.

दुसरी युक्ती आवाजाची. मेरी कपड्यांच्या दुकानात नवीन झगा घालून बघते आणि बाहेर येते, तोवर जगाचा आवाज गेलेला असतो. विक्रेती तिच्याकडे बघत नाही, तिचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. रस्त्यावरच्या गर्दीचीही तीच गत. मग बागेत एका झाडाखाली पाखराची चिवचिव ऐकू येते आणि सगळा कलकलाट परत येतो. ना मेकअप, ना धूर, ना रक्त. असलेला आवाज काढून घेतला, बस्स. बाकी वेळ जीन मूर यांचा ऑर्गन अंगावर येत राहतो. पार्श्वसंगीताला दुसरं वाद्य जवळपास नाहीच.

सिनेमा निर्दोष आहे असं नाही. मधले डॉक्टरचे प्रसंग तर हार्वीच्या शाळेच्या माहितीपटांतून उचलल्यासारखे वाटतात, खुर्चीत बसून समजावणं नुसतं. व्यवहाराच्या बाजूने तर दाणादाणच उडाली. वितरकाकडून पैसे नीट आले नाहीत, आणि प्रतींवर हक्काची सूचना छापायची राहिल्यामुळे सिनेमा कुणाच्याच मालकीचा राहिला नाही. पण त्यामुळेच तो रात्री उशिरा टीव्हीवर फुकट लागायला लागला, पोरांनी अर्धवट झोपेत बघितला, आणि १९८९ मध्ये थिएटरात मानाने परतला. हार्वीने दुसरा कथापट केला नाही. सॉल्टएअरची ती इमारत १९७० मध्ये पुन्हा जळाली. आज तिथे गेलात तर त्या नाचाच्या हॉलची फक्त सिनेमातली आठवण उरलेली आहे.

दुसरा जपानी, 'ओनिबाबा', १९६४. ओनी म्हणजे राक्षस आणि बाबा म्हणजे म्हातारी, त्यामुळे मराठी माणसाने नावावरून भलताच समज करून घेऊ नये. दिग्दर्शक कानेतो शिंदो. चौदाव्या शतकातली यादवी, पुरुष लढाईवर, आणि मागे राहिलेल्या सासू-सुना वाट चुकलेल्या सामुरायांना मारून त्यांची चिलखतं विकून पोट भरतात. प्रेतं जातात एका खोल खड्ड्यात. चहूकडे डोक्यावरून जाणारं सुसुकी नावाचं गवत. हे गवत या सिनेमाचं अर्धं अंग आहे. वारा आला की सगळं रान श्वास घेतल्यासारखं हलतं, आणि त्यातून कोण येतंय ते शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही.

असं गवत हुडकायला शिंदोने आपले सहायक दिग्दर्शक पिटाळले. म्हणजे रेकी! चिबा प्रांतातल्या इन्बा-नुमा या दलदलीजवळ नदीकाठी जागा मिळाली. तिथेच तयार खोल्या उभारून सगळं युनिट राहायला गेलं, ३० जून १९६४ ला काम सुरू झालं आणि तीन महिने चाललं. ऐन पावसाळ्यापासून उन्हाळ्याच्या उकाड्यापर्यंत दलदलीत मुक्काम म्हणजे काय, ते ज्यांनी जुलैत पश्चिम घाटात शूट केलंय त्यांनी आपल्या पायांवरच्या जळवा आठवून समजून घ्यावं. लोक पळून जाऊ नयेत म्हणून शिंदोने नियमच केला होता की जो मध्ये सोडून जाईल त्याला पैसे नाहीत.

आणि तो खड्डा? गोष्टीचा सगळा भार त्या खड्ड्यावर, पण तिथल्या जमिनीत खणलं की पाणी भरणार. मग आर्टवाल्यांनी जमिनीच्या वर परांची बांधून त्यात 'खड्डा' उभा केला. म्हणजे पडद्यावर जे पाताळ दिसतं ते प्रत्यक्षात माचाणावर होतं. हे मला कळलं त्या दिवशी मी सिनेमा पुन्हा लावून बसलो, आणि कुठे जोड दिसतो का ते बघत राहिलो. दिसला नाही.

पुढे एक मुखवटा येतो जो तोंडावरून निघत नाही. ही मूळची बौद्ध बोधकथा, शिंदोने ती हवी तशी वाकवली. मुखवट्याखालून जो चेहरा निघतो तो रंगवताना त्याच्या डोळ्यांसमोर अणुबॉम्बने भाजलेली माणसं होती. शिंदो मूळचा हिरोशिमाकडचा. चौदाव्या शतकातली गोष्ट बघता बघता १९४५ मध्ये येऊन थडकते, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही. सासूचं काम करणारी नोबुको ओतोवा तेव्हा चाळिशीच्या आसपास होती. तिच्या डोळ्यांसाठी तरी हा बघा. एक सावधगिरी: यात देहाची भूक उघड आहे, आई-वडिलांसोबत बसून बघायचा नाही.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. 'व्हॅम्पायर', १९३२, दिग्दर्शक कार्ल ड्रायर. पैसे निकोला द गुंझबर्ग या तरुण सरदारपुत्राने घातले आणि बदल्यात ज्युलियन वेस्ट या नावाने नायक झाला. आपल्याकडेही फायनान्सरच्या भाच्याला हिरो करावं लागतं, पण इथे ते कामी आलं, कारण त्याचा झोपेत चालल्यासारखा चेहरा गोष्टीला बरोबर बसतो. फ्रान्समधल्या कुर्तांपिएर नावाच्या खेड्यात खऱ्या इमारतींत शूटिंग झालं, बहुतेक कलाकार हौशी. गावातला डॉक्टर म्हणून जो दिसतो तो खरं तर पत्रकार होता. सुरुवातीच्या एका शॉटमध्ये चुकून भलताच प्रकाश भिंगावर पडला आणि चित्र करडं, धुरकट उमटलं. दुसऱ्या कुणी तो शॉट फेकून दिला असता. ड्रायर आणि छायाचित्रकार रुडॉल्फ माटे यांनी मुद्दाम तसा प्रकाश पाडून आणि भिंगापुढे जाळीदार कापड धरून पुढचं सगळं तसंच शूट केलं. सिनेमा संथ आहे. झोप आली तर लाजू नका, अर्धवट जागेपणी तो जास्त कळतो.

अद्भुतपटांत मात्र माझा सगळा सिद्धांत उताणा पडतो, कारण माझ्या सर्वांत आवडत्या अद्भुतपटाला जागाच नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल झेमानचा 'विनालेझ स्काझी', १९५८, म्हणजे 'विनाशाचा शोध'. गोष्ट ज्यूल व्हर्नची. भा. रा. भागवतांच्या कृपेने व्हर्न आपल्या कित्येकांच्या घरातलाच माणूस आहे, त्यामुळे पाणबुड्या आणि उडती यंत्रं नवी वाटणार नाहीत. नवं आहे ते त्यांचं दिसणं. व्हर्नच्या जुन्या आवृत्त्यांत रेघारेघांनी कोरलेली चित्रं असत. झेमानने ठरवलं की सिनेमा त्या चित्रांसारखाच दिसला पाहिजे. मग सेटवर रेघा, सामानावर रेघा, कपड्यांवर रेघा. काही ठिकाणी रंगवलेली पार्श्वभूमी, काही ठिकाणी कापलेली चित्रं आणि छोट्या प्रतिकृती, आणि त्यात जिवंत नट चालतोय. पुस्तकाच्या पानात माणूस शिरल्यासारखं वाटतं. ब्रुसेल्सच्या १९५८ च्या जागतिक प्रदर्शनातल्या चित्रपट महोत्सवात याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि तरी आपल्याकडे नाव कुणाला माहीत नाही.

गंमत म्हणजे झेमान ज्या झ्लीनच्या स्टुडिओत काम करायचा तो मुळात बुटांच्या जाहिराती बनवायला सुरू झाला होता. हो, तेच बाटा, शाळेच्या काळ्या बुटांचे. तिकडे हार्वी कारखान्यांचे माहितीपट करणारा, इकडे झेमान जाहिरातीच्या धंद्यातून आलेला. जाहिरातवाले मला रात्री अकराला फोन करून 'उद्या सकाळपर्यंत पिवळ्या फुलांचं पठार हवंय' म्हणतात, तेव्हा मी शिव्या घालायच्या आधी हे आठवून घेतो.

'तुंबाड' मी मुद्दाम घेतलेला नाही. २०१८ मध्ये तो फारसा चालला नव्हता तेव्हा लिहिलं असतं, पण २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला, आता तो कुणाला नवा नाही. एवढंच सांगतो की खऱ्या पावसासाठी त्यांनी एकाहून अधिक पावसाळे घालवले, सासवडच्या पुरंदरे वाड्यात शूट केलं, आणि त्यातली भयानक आजी म्हणजे लहान पांडुरंग झालेला मोहम्मद समद हाच पोरगा. त्या वाड्यापाशी मला आता हमखास विचारतात, 'तो राक्षस कुठे ठेवला होता?'

सुरुवात कशाने करू म्हणाल तर 'कार्निव्हल'ने. हक्क कुणाकडे नसल्याने सहज सापडतो, मात्र कापलेल्या आणि धुरकट प्रतीही भरपूर फिरतात, त्यातली स्वच्छ प्रत निवडा. हेडफोन लावून बघा. आणि मेरी दुकानातून बाहेर आल्यावर आवाज गेला तर वायर हलवत बसू नका.