डेथ नोट पाहून झालं, नारुतो सुरू केलंय. तुम्ही पाहिलेल्या अ‍ॅनिमेंबद्दल तुमचं मत काय? पुढे काय बघू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की डेथ नोटचा शेवट घाईत उरकल्यासारखा वाटला. वाटणारच, कारण तो उरकलेलाच आहे. मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 108 प्रकरणांचा. नाव लिहिलं की माणूस मरतो अशी वही लाइट या मुलाला सापडते आणि एल हा गुप्तहेर त्याच्या मागावर असतो. एलचा मृत्यू मंगात 58व्या प्रकरणात येतो, अ‍ॅनिमेत 25व्या भागात. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त कथेला 25 भाग मिळाले आणि उरलेल्या 50 प्रकरणांच्या वाट्याला आले जेमतेम 12. त्यामुळे एलचे वारसदार निअर आणि मेलो धड उभेच राहत नाहीत. निअर लाइटपर्यंत कसा पोचतो हे मंगात पायरीपायरीने उलगडतं, अ‍ॅनिमेत तो थेट निष्कर्ष सांगून मोकळा होतो.

तरीही पहिले 25 भाग मी कुणालाही बिनदिक्कत सुचवीन. वेफर्सच्या पाकिटात दडवलेला छोटा टीव्ही, उजव्या हाताने गणितं सोडवणं चालू आणि डाव्या हाताने गुपचूप नावं लिहिणं: एक मुलगा अभ्यासाला बसलाय, एवढ्याशा ऐवजावर मॅडहाऊस स्टुडिओ आणि दिग्दर्शक तेत्सुरो अराकी यांनी थरार उभा केलाय.

कुठल्याही अ‍ॅनिमेबद्दल मत बनवताना मी आधी हाच हिशेब बघतो: कथा किती होती आणि तिला भाग किती मिळाले. टीव्हीवरचा एक भाग गाणी धरून साधारण 24 मिनिटांचा. साप्ताहिक मंगाची दोन-तीन प्रकरणं तो सहज खातो. मंगाकार मात्र आठवड्याला एकच प्रकरण देतो. मंगा चालू असतानाच दर आठवड्याला अ‍ॅनिमे दाखवायला घेतला, तर तो आज ना उद्या मंगाला गाठणारच. मग निर्माते कथा ताणतात, मंगात नसलेले फिलर भाग घुसडतात, स्वतःची वेगळी कथा रचतात, नाहीतर सरळ थांबून काही महिन्यांनी पुढचा सीझन आणतात. हल्ली बहुतेक जण थांबतात, आणि ते बरंच झालं.

नारुतोमध्ये फिलरचा मार्ग घेतलाय. तुम्ही आत्ताच सुरू केलंय म्हणून सांगतो: पहिल्या मालिकेच्या 220 भागांपैकी 135पर्यंत मन लावून बघा. त्यानंतरचे 219पर्यंतचे जवळपास सगळे भाग फिलर आहेत. ते सोडून 220वा बघा आणि पुढच्या मालिकेला, शिपूदेनला, लागा. शिपूदेनचे 500 भाग आहेत आणि फिलर तिथेही भरपूर आहेत, विशेषतः युद्धाच्या कथानकात. लढाई ऐन रंगात आली की मध्येच जुन्या आठवणींचे भाग सुरू होतात. फिलर भागांची यादी नेटवर सहज मिळते, ती उघडी ठेवूनच बघा. फिलर वगळलं तर नारुतो चांगलाच आहे. झाबुझा या निंजाचं सुरुवातीचं कथानक आणि निंजांच्या बढतीची चुनिन परीक्षा मला आजही शिपूदेनच्या बहुतेक लढायांपेक्षा सरस वाटतात, कारण तिथे चक्रापेक्षा, म्हणजे निंजांच्या अंगातल्या शक्तीपेक्षा, डोकं जास्त चालतं.

फुलमेटल अल्केमिस्टचं प्रकरण याहून वेगळं. 2003ची 51 भागांची मालिका आली तेव्हा मंगा अर्ध्यातही नव्हता, म्हणून तिने पुढे स्वतःची वाट धरली. मग 2009मध्ये मंगाला धरून 'ब्रदरहूड' आली, 64 भागांची. एकच बघायची असेल तर ब्रदरहूड बघा. चाळीसेक पात्रांचे धागे शेवटच्या लढाईत एकत्र येतात आणि एकही लोंबकळत राहत नाही, हे फार थोड्या मालिकांना जमलंय. पण तिची सुरुवात कच्ची आहे. जुन्या मालिकेत दाखवून झालेला भाग तिने पटापट संपवलाय. कथेला वळण देणारा एक मृत्यू जुन्या मालिकेत 25व्या भागात येतो, ब्रदरहूडमध्ये 10व्यातच. त्या माणसाशी आपली पुरती ओळखही झालेली नसते, त्यामुळे घाव तितका खोल बसत नाही. शिवाय ब्रदरहूडचा पहिला भाग मंगात नाहीच, त्यात दहा-बारा पात्रं एकदम अंगावर येतात. तो डोक्यावरून गेला तर घाबरू नका, दुसऱ्या भागापासून कथा नीट सुरू होते.

आता माझी सर्वात आवडती: मॉन्स्टर. नाओकी उरासावांचा मंगा 2001मध्ये संपला आणि अ‍ॅनिमे 2004मध्ये सुरू झाला, तोही मॅडहाऊसचाच. कथा पूर्ण हाताशी होती आणि भाग मिळाले 74. त्यामुळे कुठे पळापळ नाही की फिलर नाही. 1986, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. केन्झो तेन्मा हा जपानी न्यूरोसर्जन वरिष्ठांचा आदेश मोडून महापौराऐवजी आधी आणलेल्या एका लहान मुलावर शस्त्रक्रिया करतो. मुलगा वाचतो, आणि पुढे मोठा होऊन माणसं मारत सुटतो. डॉक्टरने तेव्हा चूक केली का, हा प्रश्न मालिका शेवटपर्यंत सोडत नाही. इथे कुणाकडे जादूची वही नाही, सगळं माणसांच्या बोलण्यातून आणि गप्प राहण्यातून घडतं. इन्स्पेक्टर लुंगेच बघा: समोरचा बोलत असताना तो रिकाम्या हवेत टाइप केल्यासारखी बोटं हलवत राहतो, कारण ऐकलेलं सगळं तो तसंच डोक्यात साठवतो. या एवढ्याशा लकबीने तो माणूस पक्का लक्षात राहतो.

मॉन्स्टर मध्ये रेंगाळते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. काही भागांत तेन्मा जेमतेम दिसतो, गोष्ट भलत्याच कुणाची तरी चालू असते. मला ते भाग हवेच वाटतात, कारण तेन्माने वाचवलेला तो मुलगा, योहान, माणसांच्या आयुष्याचं काय करून ठेवतो हे तिथेच कळतं. एका बैठकीत दहा-बारा भाग मात्र बघू नका. जर्मन आणि चेक नावांची सरमिसळ होते आणि वीस भागांपूर्वीचा माणूस परत आला की ओळखू येत नाही. रोज दोन भाग पुरे.

स्टाइन्स गेट मंगावरून नाही, गेमवरून आलंय. 24 भाग, 2011. पहिले 11 भाग कंटाळवाणे वाटून लोक सोडून देतात. त्यात मायक्रोवेव्हला जोडलेल्या मोबाइलवरून भूतकाळात एकेक संदेश जातो आणि प्रत्येकाने काहीतरी बदलतं. उत्तरार्धात तेच संदेश एकेक करून मागे घ्यावे लागतात, आणि प्रत्येक वेळी कुणाचं तरी मिळालेलं सुख काढून घ्यावं लागतं. पूर्वार्ध पळवत पाहिला तर हे भिडणारच नाही. हे जपानी आवाजातच बघा. नायक ओकाबेला आवाज मामोरू मियानोंचा आहे, जे तुमच्या लाइटचाही आवाज होते. एरवी हिंदी डबला नाक मुरडायचं कारण नाही. दूरदर्शनवरचा मोगलीसुद्धा जपानी अ‍ॅनिमेच होता आणि तो आपण हिंदीतच पाहिला.

अटॅक ऑन टायटनबद्दल थोडक्यात: पहिले तीन सीझन विट स्टुडिओचे, 59 भाग. तिसऱ्याचे शेवटचे 10 भाग हा सगळ्या मालिकेचा कळस. पुढचा 'फायनल सीझन' मापा स्टुडिओने केला आणि त्याच्या नावाने गोंधळ होतो: 16 भाग, मग 12, मग 2023मधले दोन लांब विशेष भाग, याच क्रमाने बघा. नायक एरेनच्या निर्णयामागचं मन शेवटी एका संभाषणात सांगून टाकलंय, ते मला अजूनही पटत नाही. मंगापेक्षा अ‍ॅनिमेत ते संभाषण सुधारलंय एवढं खरं.

डोकं शांत करायचं असेल तेव्हा मुशिशी. 26 भाग, प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र, कुठूनही उचला.

आणि एक सावधगिरीची सूचना. द प्रॉमिस्ड नेव्हरलँड कुणीतरी सुचवेलच. पहिला सीझन अप्रतिम आहे, 12 भागांत मंगाची 37 प्रकरणं, श्वास रोखून बघावा असा. दुसऱ्या सीझनच्या 11 भागांत उरलेली 144 प्रकरणं कोंबलीत, आणि मंगातलं एक अख्खं उत्तम कथानक गाळलंय. पहिला सीझन संपला की तिथेच थांबा आणि मंगा 38व्या प्रकरणापासून वाचायला घ्या.