कोरड्या संडासाच्या खताचा ढीग थंडीत गार पडतो, गरम कसा ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की डिसेंबर लागला तसा कोरड्या संडासाचा, म्हणजे पाण्याऐवजी भुसा-कुटार टाकून बादलीत जमवलेल्या मैल्याचा ढीग गार पडला, मग काळं प्लास्टिक टाकून उन्हात तापवू का. नका तापवू. आतले जिवाणू खातात त्यानेच ढीग तापतो, उन्हाने नाही. आपल्या नागपुरात रात्री पारा ८-१० वर येतो अन् दुपारी परत २८ ला जातो, एवढ्या थंडीने चांगला ढीग गार पडत नाही.

माझा पहिल्या हिवाळ्यात गार पडला होता, बेसा साइडच्या प्लॉटवर. दोन फुटांचा ढीग, अन् वास नको म्हणून आरामशीनवरचा सागाचा भुसा भरमसाठ टाकायचो. साग लवकर कुजतच नाही, आणि ढीग एवढासा असला की आतली गरमी आत राहत नाही. पुढच्या वर्षी चार बाय चार फुटांचा कप्पा केला, उंचीही चार फूट, खाली फूटभर तणस (भाताचा पेंढा), चारही बाजूंनी वीतभर तणस, मधोमध खड्डा करून संडासाची बादली ओतायची आणि लगेच वर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा). लघवी वेगळी काढत असाल तर तीही ढिगातच जाऊ द्या, कुटारात कार्बन जास्त असतो, त्याच्या जोडीला लागणारा नायट्रोजन तिच्यातून मिळतो अन् ओलही राहते.

ओल बघाच. आपल्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ढिगाच्या कडा पार भुरभुरीत होतात, आणि कोरडं पडलं की जिवाणू थांबले. आतला माल पिळलेल्या फडक्यासारखा ओलसर हवा, पाणी गळायला नको. वरून बारदान टाका, प्लास्टिकने हवा कोंडते.

त्या वर्षी जानेवारीत सकाळी सहाला कुटार बाजूला सारलं तर वाफ निघाली, लांब दांडीच्या थर्मामीटरवर ५८. हे थर्मामीटर घ्याच, प्लीज, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. जंतांची अंडी फार चिवट असतात, ५५ च्या वर सलग काही दिवस राहिलं तर मरतात, पण कडेचा माल तेवढा तापत नाही, म्हणून कप्पा भरला की बंद करून वर्षभर हातच लावायचा नाही, तोवर दुसरा कप्पा वापरायचा. भर थंडीत ढीग उलटू पण नका, सगळी गरमी उडून जाते.

आणि वर्षानंतरही मी हे सोनखत मेथी-कोथिंबिरीला घालत नाही, फक्त संत्र्याच्या आळ्यात, वरून मातीने झाकून.