एकाच तळ्याचे दोन अहवाल

(पाण्यातल्या विषारी शैवालाविषयी या महिन्यात आलेली काही पत्रं. उत्तरं पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेची.)

प्रश्न : तळ्यावर हिरवा तवंग आला म्हणून आम्ही एकाच दिवशी दोन प्रयोगशाळांत पाणी दिलं. एकीने मायक्रोसिस्टिन (शैवालाचं विष) लिटरला ०.४ मायक्रोग्रॅम सांगितलं, दुसरीने ५२. यातलं खोटं कोण?

बहुतेक कोणीच नाही. तुम्ही अहवालांबरोबर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची नक्कलही पाठवलीत, हे फार बरं केलंत. सहसा लोक नुसता आकडा पाठवतात आणि मग मी काय बोलणार? चिठ्ठ्या वाचा. पहिल्या बाटलीवर आहे, ‘दुपारी, नावेतून, मधोमध, हातभर खालून.’ दुसरीवर, ‘सकाळी, पायऱ्यांपाशी, वरवरचं.’ तळं एक असलं तरी तुम्ही दोन वेगळी पाणी तपासलीत.

हे विष बनवणाऱ्या मायक्रोसिस्टिस या शैवालाच्या पेशींत वायूने भरलेल्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे त्या तरंगतात. दिवसा उन्हात पेशींत साखर साठते, त्या जड होतात आणि खाली उतरतात. रात्री साखर खर्ची पडली की पुन्हा वर येतात. वारा पडलेल्या रात्रीनंतर पहाटे सगळा माल पृष्ठभागावर असतो, आणि मग हलकी झुळूक आली तरी तो एका काठाला जमा होतो, दुधावरची साय चमच्याने कडेला ओढावी तसा. मधल्या पाण्यापेक्षा काठाचा तवंग शेकडो पटींनी दाट असू शकतो. तुमचा ५२ मला मुळीच अचाट वाटत नाही.

आता आमच्या बाजूचं. ताज्या, जिवंत तवंगात बरंचसं विष पेशींच्या आत असतं. नमुना आधी गाळला तर पेशी गाळणकागदावर राहतात आणि खालच्या पाण्याचा आकडा छान दिसतो. म्हणून एकूण विष हवं असेल तेव्हा आम्ही नमुना तीनदा गोठवून तीनदा वितळवतो, म्हणजे पेशी फुटून आतलं सगळं बाहेर येतं. तुमच्या पहिल्या अहवालात ‘विरघळलेले’ असा शब्द आहे, दुसऱ्यात ‘एकूण’. हा शब्द कोपऱ्यात, बारीक टायपात छापलेला असतो, आणि भांडणं त्याच्यावरूनच होतात.

पद्धतही पाहावी लागते. मायक्रोसिस्टिनचे अडीचशेहून जास्त प्रकार माहीत आहेत. एलायझा ही चाचणी त्या सगळ्यांत सामाईक असलेला एक तुकडा पकडते आणि एकच बेरीज देते. मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र प्रकार वेगवेगळे ओळखतं, पण ज्यांचं शुद्ध स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, हाताशी आहे तेवढेच मोजतं. त्यामुळे दोन्ही प्रामाणिक असूनही जुळत नाहीत. आणि बाटली काचेची घ्या. काही प्लास्टिकच्या भिंतींना हे विष चिकटून बसतं आणि आकडा उगाच खाली येतो. नळाचं पाणी असेल तर नमुना भरतानाच त्यात सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतही आपलं काम करत राहतो.

तर करायचं काय? कृपा करून दोन्हींची सरासरी काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक आकड्यांनुसार पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम, थोड्या काळासाठी १२, आणि पोहण्या-खेळण्याच्या पाण्यात २४. पायऱ्यांपाशी ५२ आहे, म्हणजे तिथे मुलं उतरता कामा नयेत, आजपासूनच. पिण्याचं पाणी कुठून उचललं जातं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पंपाचं तोंड ज्या खोलीवर आहे तिथला वेगळा नमुना घ्या, शक्यतो पहाटे एक आणि दुपारी एक. तो आकडा हाती येईपर्यंत मधोमधच्या ०.४ वर कोणीही निर्धास्त होऊ नये.

प्रश्न : पाणी उकळून प्यायलं तर? आणि तळ्यात मोरचूद टाकून शैवाल मारून टाकलं तर विषय संपेल ना?

उकळू नका. मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यातून हे विष नळापर्यंत पोहोचलं, तेव्हा चार लाखांच्या आसपास लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी न पिण्याची सूचना होती आणि उकळू नका असं बजावलेलं होतं. सक्रिय कार्बन विष धरून ठेवतो, पण गाळणीतला कार्बन कधी भरून गेला हे घरी कळत नाही.

मोरचुदाने शैवाल मरतं, विष मरत नाही. मेलेल्या पेशी फुटून सगळं एकदम पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये धरणातल्या शैवालावर मोरचूद मारलं आणि काही दिवसांनी १४८ जण आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं होती. पुढे त्या शैवालाचं विष ओळखलं गेलं, त्याचं नाव सिलिंड्रोस्पर्मोप्सिन. हा उपाय करायचाच असेल तर फुलोरा, म्हणजे शैवालाची एकदम होणारी वाढ, जोर धरण्याआधी, आणि पाण्याचा उपसा बंद ठेवून. तवंग डोळ्यांना दिसू लागला म्हणजे ती वेळ गेली.

प्रश्न : समुद्राचं पाणी नितळ असताना शिंपले काढायला बंदी, आणि पाणी लालसर होतं तेव्हा काही नाही. हा काय न्याय?

रंगावरून विष ठरत नाही, एवढाच न्याय. लाल पाणी कधी कधी अगदी निरुपद्रवी जिवाचं असतं. उलट अलेक्झांड्रियम या विषारी सूक्ष्म शैवालाच्या पेशी लिटरला काहीशे असल्या तरी शिंपल्याला त्या पुरतात, कारण तो दिवसभर पाणी गाळतच असतो आणि विष स्वतःत साठवतो. म्हणून समुद्रावर नजर ठेवताना तीन गोष्टी एकदम चालतात: पाण्यातल्या पेशी मोजणं, शिंपल्याच्या मांसातलं विष मोजणं, आणि पाण्यात राळेची छोटी पिशवी टांगून ठेवून तिने काय शोषलं ते पाहणं. पिशवीची युक्ती न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडली. ती इशारा म्हणून उत्तम. बंदी मात्र मांसातल्या आकड्यावर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक पिशवी खात नाहीत.

मर्यादा अशी : पक्षाघात करणाऱ्या सॅक्सिटॉक्सिनसाठी मांसाच्या किलोला ०.८ मिलिग्रॅम, स्मृतीवर घाला घालणाऱ्या डोमोइक आम्लासाठी २० मिलिग्रॅम. शिजवून यातलं काही निष्प्रभ होत नाही. बंदी कधी उठेल हे प्राण्याच्या जातीवरही अवलंबून. काही शिंपले काही आठवड्यांत स्वच्छ होतात, तर उत्तर पॅसिफिकमधला बटर क्लॅम सॅक्सिटॉक्सिन दोन वर्षांपर्यंत धरून ठेवू शकतो. तेव्हा ‘फुलोरा गेला, आता उघडा’ हा आग्रह सोडा.

पूर्वी हे सगळं उंदरांवर तपासत. ठरावीक वजनाच्या उंदराला अर्क टोचायचा आणि हातात घड्याळ घेऊन तो किती मिनिटांत मरतो ते पाहायचं. क्रूर, ढोबळ, पण एक गुण होता : यादीत नसलेलं विषही तिथे दिसायचं. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, किमान तिघे दगावले, काहींची नवं लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. उंदीर नेहमीसारखे लुळे पडले नाहीत, मागच्या पायाने खांदा खाजवत राहिले. हे काहीतरी वेगळं आहे हे त्या खाजवण्यावरून उमगलं, आणि काही दिवसांतच डोमोइक आम्ल सापडलं. ते एका डायटमचं, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाचं, होतं, आणि डायटमवर तोवर कोणाचा संशयच नव्हता. आज यंत्रं कितीतरी बारीक मोजतात, पण ज्याचा प्रश्न विचारला त्याचंच उत्तर देतात. मला उंदीर परत नकोत. पण संशयास्पद आजार असेल आणि यंत्राची नेहमीची यादी कोरी आली, तर ‘सुरक्षित’ हा शब्द मी लिहीत नाही.

प्रश्न : आता उपग्रहावरून सगळं दिसतं म्हणे. मग बाटल्या कशाला?

फायकोसायनिन हे रंगद्रव्य ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, उपग्रह ते टिपतो. म्हणजे त्याला शैवाल दिसतं, विष नाही. सेन्टिनेल-३ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका सुमारे ३०० मीटरचा, त्यात तुमचं तळं एखाद्या ठिपक्यातच मावेल. वर ढग आले की तेही नाही. मोठ्या सरोवरात नाव कुठे न्यायची हे ठरवायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

प्रश्न : नदी तळ दिसेल इतकी स्वच्छ होती, तरी काठावर काहीतरी चघळून आमचा कुत्रा तासाभरात गेला. हे शैवाल असू शकतं?

असू शकतं, आणि मला वाईट वाटतं. काही नीलहरित शैवालं तरंगत नाहीत, दगडांवर काळपट-तपकिरी चटईसारखी वाढतात आणि सुटून काठाला लागतात. त्यांचा मातकट वास कुत्र्यांना ओढतो. त्यातलं ॲनाटॉक्सिन हे विष मिनिटांत ते काही तासांत श्वास बंद पाडू शकतं. न्यूझीलंडच्या हट नदीकाठी २००५ मध्ये कुत्री गेली ती अशाच चटयांनी. इथे पाण्याची बाटली भरून उपयोग नाही, चटईचा तुकडा हवा. हातमोजे घाला, तुकडा काचेच्या बरणीत ठेवा, बरणीवर काळा कागद गुंडाळा, कारण हे विष उजेडात विरतं, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. पशुवैद्यांनी पोटातलं काही काढून ठेवलं असेल तर तेही गोठवून बरोबर द्या. चिठ्ठीवर ‘ॲनाटॉक्सिन’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर नेहमीच्या सवयीने मायक्रोसिस्टिन तपासून ‘आढळले नाही’ असा कागद हातात येईल.