आमचा माइनक्राफ्ट मॉडपॅक १.२०.१ वरून १.२१.१ वर कसा न्यायचा? (फोर्ज, खानापूर-बेळगावची पोरं मिळून खेळतो)

जुन्याच मॉड फायली (गेममध्ये नव्या गोष्टी घालणाऱ्या) नव्या फोल्डरात टाकून चालणार नाही. १.२१.१ साठी बहुतेक मोठे मॉड फोर्ज सोडून निओफोर्जवर (फोर्जमधूनच निघालेलं, मॉड चालवणारं सॉफ्टवेअर) गेलेत, त्यामुळे आधी यादी काढा: कोणता आला, कोणता नाही. ज्याच्यावर तुमचं सगळं जग उभं आहे तोच मॉड आला नसेल तर थांबा की, घाई कशाला? जावा (गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) १७ ऐवजी २१ लागेल.

खरी मेहनत तुम्ही स्वतः लिहिलेल्या रेसिपींत (गेममधल्या वस्तू बनवायच्या कृतींत) आहे. १.२०.५ पासून वस्तूंची माहिती एनबीटी या जुन्या पद्धतीऐवजी कंपोनंट या नव्या पद्धतीत लिहावी लागते. शिवाय १.२१ मध्ये डेटापॅकमधल्या (अशा रेसिपी ज्यात ठेवतात त्या पॅकमधल्या) 'रेसिपीज' फोल्डरचं नाव 'रेसिपी' असं एकवचनी झालं. जुनं नाव राहिलं तर गेम त्या फायली वाचतच नाही, एररही दाखवत नाही. इथेच माणूस तासन्‌तास अडकतो.

जुनं जग नव्यात उघडायचं असेल तर कॉपीवरच प्रयोग करा. एकदा बदललेलं जग १.२०.१ मध्ये परत नीट उघडत नाही, आणि जे मॉड नसतील त्यांचे ब्लॉक गायब होतात. पावसाळ्यात खानापूरकडे लाइटचा नेम नसतो. अपग्रेड चालू असताना पीसी बंद पडला तर जग बिघडू शकतं. यूपीएस असलेल्या मित्राच्या घरीच हे काम करा.