पर्यावरण शिक्षणात एमएस्सी करायची म्हणतेस, तर...

पदवीच्या नावावर जाऊ नकोस, अभ्यासक्रम उघडून वाच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पदवी पर्यावरणशास्त्राची मिळते. शिकवायचं कसं, हा भाग त्यात थोडाच. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत चौकशी कर. अहमदाबादचं पर्यावरण शिक्षण केंद्र १९८४पासून शाळांबरोबर काम करतंय, तेही बघ. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, तरी कितीतरी वर्गांत तो प्रोजेक्टच्या फाईलपुरताच उरलाय. याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून अर्ज भरण्याआधी एक पावसाळा एखाद्या जिल्हा परिषद शाळेत घालव. पोरांना ओढ्यावर ने. पाणी गढूळ का, मासे कुठे गेले, हे त्यांनाच विचारू दे. पहिल्या वर्षी मी देवराईत तासभर झाडांची नावं सांगत बसले होते. मागे एक मुलगी वारूळ न्याहाळत काहीतरी विचारत होती. तिला मी गप्प बसवलं. ते अजून सलतं.

प्रबंधाचा विषय त्या ओढ्यावरच सापडेल. छोटा घे: एकच शाळा, सहलीनंतर सहा महिन्यांनी मुलांना काय आठवतं. आणि गाईडला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय फी भरू नकोस.