सत्तावीस थ्री-पॉइंटर, सगळे बाहेर

प्रश्न: सर, अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने 2017-18च्या मोसमात 82 पैकी 65 सामने जिंकले, सगळ्या लीगमध्ये अव्वल. मग प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) माशी कुठे शिंकली? (एक वाचक, सांगली)

उत्तर: जखमेवर मीठ चोळलंत! गोल्डन स्टेटविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना आपल्याकडे 29 मेच्या सकाळी होता. मी चहाचा कप घेऊन बसलो. मध्यंतराला रॉकेट्स 54-43 ने पुढे. म्हटलं, झालं काम. पण थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट, मध्यंतराआधीच चुकायला लागले होते, ते ओळीने 27! चहावर साय धरली. शेवटी 44 पैकी 7च आत, आणि गोल्डन स्टेट 101-92 ने विजयी. रॉकेट्सच्या अरिझाचे तर बाराच्या बारा शॉट वाया.

लोक नशिबाला बोल लावतात. मला विचाराल तर दोष पायांचा. पाचव्या सामन्यात रॉकेट्सच्या क्रिस पॉलच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि बॉल हाताळायचा सगळा भार त्याचा जोडीदार हार्डनवर आला. प्रशिक्षक डॅन्टोनी मोजक्याच सात-आठ जणांना खेळवायचे. थकलेल्या खेळाडूचा शॉट आखूड पडतो, रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. आमच्या शाळेच्या पोरांनाही मी तेच सांगतो, हात नंतर, आधी गुडघे बघ.

शिवाय प्लेऑफमध्ये तोच प्रतिस्पर्धी सात-सात वेळा समोर. तुमची एकच चाल असेल तर तो ती पाठ करतो. थ्री जात नाहीत म्हटल्यावर रिंगकडे घुसायचं, समोरच्याला फाउल करायला लावायचं! पण हे पठ्ठे लांबूनच मारत राहिले. पॉल असता तर? तो वाद आमच्या मैदानाच्या कट्ट्यावर अजून मिटलेला नाही.