आपले प्रश्न, आमची उत्तरे : चार विषय, एक गणित

प्रश्न : संख्याशास्त्र, द्रायुगतिकी (द्रव आणि वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र), नियंत्रणशास्त्र (यंत्रणांना हवे तसे वळवण्याचे शास्त्र) आणि खगोलभौतिकी हे विषय इतके वेगळे असताना गणिती प्रारूपांचे संशोधक या सर्वांत कसे काम करू शकतात?

उत्तर : वरवर दिसतात तितके हे विषय वेगळे नाहीत. १ जानेवारी १८०१ रोजी खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी यांना सेरेस हा बटुग्रह दिसला आणि सुमारे सहा आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात हरवला. तरीही त्या मोजक्या नोंदींवरून गणितज्ञ गाउस यांनी त्याची कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस तो त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच सापडला. मोजमापात चूक असणारच, हे मान्य करून उत्तर काढण्याची ही रीत खगोलशास्त्राइतकीच संख्याशास्त्राचीही आहे. १९६० मध्ये नियंत्रणशास्त्राचे संशोधक काल्मान यांनी तिला वाहत्या काळाची जोड दिली : त्यांचा फिल्टर, म्हणजे मोजमापांतील चुका गाळणारी गणिती रीत, अंतराळयानाचे पुढचे स्थान समीकरणावरून वर्तवतो आणि नवे मोजमाप हाती येताच, दोहोंपैकी ज्यात अनिश्चितता कमी, त्याच्याकडे अंदाज अधिक झुकवतो. अपोलो मोहिमांच्या मार्गनिर्देशनात तो वापरला गेला.

द्रायुगतिकीची गोष्ट अधिक अवघड आहे. अभियंते रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग एका मर्यादेपलीकडे जाताच ती सरळ रेघ एकाएकी विस्कटली. तेथून आलेला रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे प्रमाण) आज ताऱ्यांभोवतीच्या वायूच्या तबकड्यांचा अभ्यास करतानाही मांडावा लागतो. समीकरणे सोडवण्यापेक्षा त्यांतून काय वगळायचे हे ठरवणेच मला या संशोधनातील खरे कौशल्य वाटते, आणि ते चारही विषयांत सारखेच लागते.